माझ्याच मशीनवरचा सुखदेव

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. बाकी सगळं तिला माहीत आहे – माझी कोणती दाढ दुखते, कोणाच्या घरी जेवायला जाणं मी टाळतो – पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर माणूस असला की माझी जीभ दुसरीकडंच वळते.

आधी मशीनचं सांगू द्या. कळतंय मला, मी टाळतोय. पण मशीन कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

चिखलीत एसटी स्टँडच्या मागं माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालेलं, सभा भरपूर, लग्नं तर होतीच. भोंगे भाड्यानं द्यायचो. त्यातच अकोल्याहून एक जुनं टेप रेकॉर्डर आणलं – मोठ्या चकत्यांचं, उचलताना कंबर धरायची. त्याच्या आतलं रबरी चाक झिजलेलं होतं, म्हणून ते जरा हळू चालायचं. आता गंमत बघा. हळू मशीनवर भरलेला आवाज त्याच मशीनवर ऐकला तर अगदी बरोबर वाटतो. भरतानाही हळू, ऐकतानाही हळू. पण तीच टेप दुसऱ्या, नीट चालणाऱ्या मशीनवर नेली की ती पळते. आवाज पातळ होतो, वर चढतो, माणूस घाईत असल्यासारखा वाटतो.

हे मला एका लग्नाच्या टेपेनं शिकवलं. नवरदेवाचा मामा ती मुंबईला घेऊन गेला आणि परत आल्यावर दुकानात येऊन म्हणाला, ‘आमच्या नानाचा आवाज पोरासोरासारखा काऊन येते हो?’ लाजेनं मेलो. मशीन उघडून बसलो, हे फिरव, ते फिरव. शेवटी इलाज सापडला. टेप ओढणारी एक बारीक दांडी असते. तिला दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा. दांडी तेवढी जाड झाली की टेप जोरात ओढली जाते आणि मशीन चारचौघांसारखं चालतं. तेव्हापासून बाहेरगावी जाणारी टेप असली की मी वेढा द्यायचो. गावातल्या गावात ऐकायची असली की नाही.

तर हे फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या कोणालाच नाही.

आता सुखदेव. साखरखेर्ड्याला आमची घरं शेजारी. पौर्णिमेला विहाराच्या ओट्यावर तो गायचा, मी पेटी वाजवायचो. शब्द त्याचे, चाली माझ्या. त्याचा आवाज कसा होता, ते मला सांगता येत नाही. भरदार होता, एवढंच म्हणतो. शेतातून घरी निघालेली माणसं अंगावरचं ओझं न उतरवता उभी राहायची. पण गडी स्वतःच्या आवाजाबद्दल फार भित्रा. मशीनवर पहिल्यांदा स्वतःला ऐकलं तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाला, ‘हा मी नोहे बाबू.’ सगळेच असं म्हणतात पहिल्यांदा. मी हसलो, म्हटलं, तूच आहेस बे. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

विश्वास ठेवला – हा शब्द लिहिताना हात थांबला माझा.

एकदा भोंग्याचं सामान आणायला खामगावला गेलो होतो. तिथं रेडिओ-रेकॉर्डचं एक मोठं दुकान होतं. मालकाची मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीत ओळख, चांगला गाणारा दिसला की तो त्याची टेप तिकडं पाठवायचा. मी चिखलीचा म्हटल्यावर खुश होऊन बोलला, ‘तुमच्याकडचा तो सुखदेव येऊन गेला. काय माणूस आहे. शब्द त्याचेच, चालीही त्याच्याच. पेटीवाला आम्ही मुंबईचा देऊ म्हटलं, तर लगेच हो म्हणाला.’ मागच्या टेबलावर त्याचं नवं कोरं टेप रेकॉर्डर होतं. त्यानं कौतुकानं ते मला चालू करून दाखवलं. मी मान डोलावत होतो, पण कानात काही शिरत नव्हतं.

चालीही त्याच्याच. ज्या चाली मी सायकलवर पायडल मारता मारता बांधल्या, त्या. आणि पेटीवाला मुंबईचा. त्याला एकदा तरी ‘नाही, आमचा बाबू आहे’ म्हणता आलं नाही? एवढंसं वाक्य? सामान तिथंच विसरून मी बसमध्ये बसलो. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देतो. आपल्यानं फसवलं तर काय करायचं? मला रडायला येत होतं, आणि शेजारी बसलेल्या बाईला मी कांद्याच्या टोपलीचं कारण सांगितलं.

आठवड्याभरात सुखदेव दुकानात आला. खामगावच्या दुकानदाराला टेप ऐकवायची आहे म्हणाला. भरून दे. पेटीवर तूच बस.

मी वाट पाहिली. चहा मागवला, चकती चढवली, वायरी उगाच काढून पुन्हा जोडल्या. तो खरं सांगेल म्हणून वाट पाहिली. तो बोलला असता तर मी पट्टी लावली असती. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं आहे का ते? आता मलाच माहीत नाही. तो बोलला नाही एवढं खरं. चिकटपट्टीची गुंडाळी खणात होती. खण उघडला, तिला हात लावला आणि खण परत लोटून दिला.

त्या दिवशी तो जसा गायला तसा पुन्हा कधी गायला नाही. मी पेटी वाजवत होतो, माझ्याच चाली, आणि माझे डोळे दांडीवर होते. भरून झाल्यावर मशीनवर ऐकवलं. सगळं बरोबर. तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, ‘बाबू, आता मले पटलं. मीच हाय हा.’

मी म्हटलं, हाव, तूच.

खामगावहून परत आला तो थेट माझ्या दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसला. मग सांगू लागला. खामगावच्या दुकानात चार जण बसले होते. टेप लावली तर पोरीसारखा आवाज निघाला. एकजण हसला, मग सगळेच. मालक म्हणाला, प्रत्यक्षात बरा वाटला होता, पण मशीनवर उघडा पडला. हे सांगून सुखदेवनं मला विचारलं, ‘तुह्या मशीनवर तं चांगला लागत होता. मंग माहा खरा आवाज कोणता?’

बघा, इथं जागा होती. एक वेढा पट्टी, पुन्हा एक दिवसाची बस, संपलं असतं. मी काय म्हणालो, ते सांगतो. ‘त्यांचं मशीन नवं हाय, सुखदेव. ते जसं असते तसं दाखवते. माह्या मशीनवर तुले आपलेपणामुळं बरं वाटलं असन.’

त्यानं मान हलवली. टेप टेबलावर ठेवून म्हणाला, पुसून टाक. त्यानंतर तो गायला नाही.

गायला नाही म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. पुढं तो माळवं लावायचा. चिखलीच्या बाजारात वांगी-मिरची घेऊन बसायचा. आजूबाजूला सगळे ओरडून माल विकायचे. हा गप्प. ओरडायची त्याची बायको. विहारात वंदनेला सगळ्यांबरोबर त्याचे ओठ हलायचे, आवाज नसायचा. मी शेजारीच उभा असायचो, म्हणून मला ठाऊक.

आणि एका बाजारच्या दिवशी, माझ्या दुकानात चहा पिता पिता, खाली बघत म्हणाला, ‘बाबू, एक गोष्ट मनात राहिली. खामगावात म्या चाली माह्या म्हणून सांगतल्या होत्या. तुहं नाव घेतलं नाही. लालच सुटली मले. त्याचंच भोवलं.’ आणि कानाला हात लावला. पांढऱ्या केसांचा माणूस, भर दुकानात.

त्यानं सांगून टाकलं. जे ऐकायला मी त्या दिवशी वायरी काढत-जोडत बसलो होतो, ते त्यानं उशिरा का होईना, सांगितलं. आता पाळी माझी होती ना? मी म्हटलं, जाऊ दे, जुनं झालं. वर मोठ्या मनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं माझी माफी मागितली आणि मी ती दिली, हे मला सगळ्यात जास्त खातं.

सुखदेव गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याची मुलगी उज्ज्वला माझ्याजवळ येऊन बसली. शाळेत शिकवते ती. म्हणाली, ‘काका, म्हातारी माणसं म्हणतात बाबा गायचे. आम्ही तर घरात कधी गुणगुणतानाही ऐकलं नाही. तुमच्याकडं मशीन होतं ना? एखादी टेप असेल का?’

मी म्हटलं, नाही बाई. तेव्हा टेपा महाग, पुसून पुन्हा वापरायचो.

ती ‘बरं’ म्हणाली आणि जेवणाची पानं वाढायला उठली.

टेप मी पुसली नव्हती. ती माझ्या घरात आहे, मशीनही आहे. दुकान विकलं तेव्हा सगळं सामान गेलं, हे दोन मी ठेवून घेतलं. बायको बाहेर गेली की लावतो. रबरी चाक तसंच आहे, दांडीला पट्टी नाही. सुखदेव गातो, त्याच्या स्वतःच्या भरदार आवाजात. तो आवाज आता या एकाच मशीनवर निघतो, आणि तो ऐकणारा मी एकटा आहे.