धाकट्याला एकही वाक्य नाही

गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाशेजारी बसून सिनेमा बघणं ही शिक्षाच. मास्तरांच्या बायकोने ती वर्षानुवर्षं निमूट भोगली होती. पडद्यावर हिरो जीव मुठीत घेऊन गाडी पळवायचा आणि मास्तर सोफ्यावरून ओरडायचे, "अरे, आधी आरसा बघ!" शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. घरी तो नसला, तरी त्यांचा पाय सतरंजीवर करकचून दाबलेलाच असे.

त्या रविवारी मात्र तिने सकाळीच बजावलं. "दादा येतायत. इतक्या वर्षांनी येतायत. जिभेला आवर घाला."

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ते लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होते. वडील गेले तेव्हाही तिथेच होते. सगळं आटोपल्यावर आले आणि असे काही ढसाढसा रडले, की नातेवाइकांनी त्यांनाच सावरलं. मास्तरांनी वडिलांना भरवलं होतं, त्यांची कूस बदलली होती, चादरी धुतल्या होत्या. 'तू केलंस रे सगळं', एवढं दादाने एकदा म्हणावं, बस्स. दादा म्हणाला नाही. हळूहळू बोलणंच तुटलं.

"तो विषय काढू नका," बायको म्हणाली. "जेवा, तुमचा तो सिनेमा बघा आणि हसतमुखाने निरोप द्या."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत मास्तरांनी कबूल केलं.

तो सिनेमा म्हणजे दोघा भावांचा लहानपणचा जीव की प्राण. टॅक्सीवाला हिरो गुंडांना लोळवतो, श्रीमंताच्या पोरीला पटवतो आणि वर गातोही. संवाद दोघांना तोंडपाठ. जेवणं झाली, टीव्ही लागला आणि दादांनी पहिल्या गाण्यालाच मांडीवर ताल धरला.

मास्तरांनी थोडा वेळ कळ काढली. मग म्हणाले, "हा तिसऱ्या गियरमध्ये गाडी उठवतोय."

"बरं."

"गाताना सगळं लक्ष तिच्याकडे. रस्ता कोण बघणार, तिचा बाप? आणि ती नाही म्हणाली ना तोंडावर? तरी गाडी तिच्याच मागे! असल्याला मी लायसन्स मिळू देणार नाही."

"तू शिकवायला लागलास आणि कामातून गेलास," दादा वैतागले. "गप बघ की!"

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं.

मध्यांतरानंतर मोठा माणूस झालेला हिरो घरी परततो. खाटेवरचा बाप त्याला बघून हसतो आणि त्याच्या मांडीवर प्राण सोडतो. इथे दोघे भाऊ दर वेळी रडायचे. दादांनी रुमाल काढलाही. मास्तरांनी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"हा बघ."

"कोण?"

"खाटेमागचा. गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन उभाय तो. धाकटा भाऊ."

दादांनी चष्मा सारखा केला. "हा होता सिनेमात? इतक्यांदा बघितला, मला आठवतसुद्धा नाही."

"मलाही आजच दिसला. एकही वाक्य नाही त्याला. हिरो टॅक्सी उडवत होता तेव्हा बापाचं कोण करत होतं, हे लिहिणाऱ्याच्याही डोक्यात आलं नाही."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मास्तरांना राग आला होता, आणि तो सिनेमावरचा नव्हता.

रुमालाची घडी घालत, मान खाली घालूनच दादांनी विचारलं, "बाबा शेवटी काही बोलले का रे?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. 'नाही' म्हणून मोकळं व्हावं, असं मास्तरांना क्षणभर वाटलं.

"तुझंच विचारत होते," ते म्हणाले. "दिसत नव्हतं त्यांना काही. 'थोरला आला का?' एवढंच, पुन्हा पुन्हा."

"मग?"

"मग काय! त्यांचा हात धरला, तुझ्यासारखा आवाज काढला आणि म्हटलं, 'हो बाबा, आलोय मी.'"