सुकाचा दुसरा पाय

समजा, तुमच्या मांडीवर एका माणसाचा पाय आहे. महारोगानं बधिर झालेला. बोटं झिजलेली, टाचेला भेगा, तळव्याचं कातडं दगडासारखं. तो परातीतल्या पाण्यात भिजवायचा, मऊ पडलेलं कातडं हलक्या हातानं खरवडायचं, ओल टिपायची, तेल लावायचं. हात चुकला तरी माणूस ओरडणार नाही. त्याला कळणारच नाही.

झुंबरबाई हे काम दर रविवारी करायची. नवरा शिवाजी बोईसरच्या कारखान्यात लागला, म्हणून एकोणऐंशी साली ती नगरकडून इथं आली. प्रार्थना आटोपली की शिवाजी खोलीवर जायचा आणि ती पिशवी घेऊन पाड्याबाहेर एकट्या राहणाऱ्या सुकाच्या झोपडीकडे. पाय कसे धुवायचे ते दवाखान्यातल्या नर्सबाईनं एकदा दाखवलं होतं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. पण त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

बोलायचा तो सुका.

"बाय, तुज्या देवाला दुसरा काम नाय? माजं पाय कशाला धुवाला लावतो?"

"गप बसा दादा, हलू नका."

"हलतो कुटं? हलाला पाय तरी हवं!"

चौऱ्याऐंशीच्या पौषात एका रविवारी गारठा फार होता. गार पाण्यात त्याचा पाय घालायचं झुंबरच्या जिवावर आलं. सुकाला गार-ऊन कळत नाही, हे ठाऊक असूनही. तिनं त्याच्याच चुलीवर पाणी तापवलं, बोटं बुडवून पाहिली. कोमट वाटलं. पण ती बोटं दहाव्या वर्षापासून तापल्या तव्यावरची भाकरी उलटत आलेली. त्यांना कसला चटका? उजवा पाय पाण्यात गेला. "बरा हाय," सुका म्हणाला. डाव्याची पाळी येईतो पाणी निवलं होतं.

पुढच्या रविवारी झोपडीच्या दारातच वास आला. फोड फुटून पाय काळानिळा पडला होता. शिवाजीनं हातगाडी आणली, दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं.

"हे कशानं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

झुंबरनं तोंड उघडलं, तेवढ्यात सुका म्हणाला, "उंदरानं कुरतडला आसंल, साहेब. आमच्याकडं लय उंदीर हाय."

तिनं तोंड मिटलं. पाय घोट्याच्या वरून कापला.

दोन महिने ती प्रार्थनेला बसायची, पण डोळे मिटले की परातीतली वाफ दिसायची. शेवटी एका रविवारी झोपडीत जाऊन तिनं सांगून टाकलं.

"दादा, उंदीर नव्हता. माझं पाणी कडक होतं. तुमचा पाय मी घालवला."

त्या दिवशी सुकानं थट्टा केली नाही. शिवीही दिली नाही. त्यानं डावा पाय उचलून परातीच्या काठावर ठेवला. झुंबरनं मडक्यातलं गार पाणी ओतलं.

असा तो पाय तिनं सात वर्षं धुतला. हळूहळू सुका पुन्हा बोलायला लागला, पावसाचं, कोंबड्यांचं. त्या पाण्याचं मात्र कधीच नाही. तिनंही विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटायची. एक्याण्णवला सुका गेला.

आता ती दुसऱ्या पाड्यावर दोघांचे पाय धुते. पाणी गारच असतं. तरी हात घालून बघते, आणि दर वेळी तेच मनात येतं: सुकानं त्या दिवशी दुसरा पाय पुढं केला तो माफ करून, की धुणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून?