हेमंतचं 'पोचलो'

"भाऊजी, हेमंतचं 'पोचलो' आलं नाही. तुमच्याकडे आलंय का?" दुपारी मंजिरीवहिनींचा फोन आला, आणि त्या एवढंच बोलल्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, येईल की, ट्रॅफिक असेल. मी मात्र डबा तसाच उघडा टाकून ऑफिसातून उठलो. हेमंत अजमानच्या घरून गाडीने करामाला एका हॉटेलवाल्याला भेटायला निघाला होता. कुठेही पोचला की गाडीतून उतरायच्या आधी तो मोबाइलवरचं 'पोचलो'चं बटण दाबायचा, आणि आजवर कधी विसरला नव्हता. हॉटेलवाला म्हणाला, आलेच नाहीत. करामातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या तेव्हा एका इमारतीमागच्या पार्किंगमध्ये त्याची गाडी दिसली. इंजिन चालू, आणि हा स्टिअरिंगवर मान टाकून... श्वास होता अजून. वहिनी हॉस्पिटलात आल्या, त्याचा हात हातात घेऊन बसल्या. संध्याकाळी तो गेला.

आम्ही दोघं इथे आखातात एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होतो. मंदी आली आणि सकाळी शेजारी बसलेला माणूस दुपारी खोक्यात सामान भरताना दिसू लागला. एचआरचा फोन वाजला की अख्खा मजला माना वर करून बघायचा. मी वाचलो, हेमंतची नोकरी गेली. वहिनी शाळेत शिक्षिका होत्या म्हणून निभावलं. हा बायकोच्या व्हिसावर आला. लोक काय बोलायचे ते सांगत नाही. तेव्हाच्या अल नहदातल्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून हा मोबाइलची अ‍ॅप बनवायला शिकत बसला. मी विचारलं, "खेळणी बनवतोस का रे?" तर म्हणाला, "ऑफिसात आपण कुणासाठी लिहितो तेच कळत नव्हतं. इथे वापरणारा माणूस तरी दिसतो."

ती माणसं म्हणजे बांधकामाच्या साइटवर राबणारी आपली कोकणातली मंडळी. रोज रूमवर पोचलं की गावी मिस्कॉल द्यायचा, ही त्यांची पद्धत. आपण सगळेच एके काळी तेच करत होतो. हेमंतने त्याचंच अ‍ॅप केलं: स्क्रीनवर एकच बटण, दाबलं की घरच्या फोनवर मेसेज, 'पोचलो'. इरा, त्याची लेक, म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ बटन!" पण ते बटण चाललं. मग याला हुशारी सुचली. माणूस दमलेला असतो, विसरतो, तर फोन ठरल्या जागी पोचला की मेसेज आपोआप जाऊ दे, आणि फोन कुठे आहे तेही घरी दिसू दे. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली.

आणि संगमेश्वरचा अनंत परांचीवरून पडला. त्याचा फोन काढून ठेवलेल्या शर्टात राहिला होता, रूममेटने तो बसने कॅम्पवर, म्हणजे रूमवर, नेला. फोन पोचला. तिकडे आईला 'पोचलो' गेलं, ती निवांत जेवून झोपली, आणि इकडे पोरगं ऑपरेशनच्या टेबलावर. अनंत वाचला, पण हेमंतला नीट झोप लागेना. त्याने ते आपोआपचं सगळं काढून टाकलं. "पोचलो असं माणसाने म्हणायचं असतं," तो म्हणाला, "फोनने नाही."

नेमकी त्याच सुमारास एका कंपनीची ऑफर आली. अ‍ॅप विकत घेणार, याला नोकरी, व्हिसा, सगळं देणार. अट एकच: ते आपोआपचं परत आणायचं, आणि कोण कुठे आहे ते कंत्राटदारालाही दिसलं पाहिजे. तेव्हाच वहिनींची शाळा बंद पडायच्या बेतात होती. त्यांचा व्हिसा गेला की तिघांना गाशा गुंडाळावा लागणार, आणि इराचं दहावीचं वर्ष. मी घरी जाऊन त्याच्याशी भांडलो. "हबीबी, जरा व्यवहार बघ. तुझं तत्त्व बायकापोरांनी का भोगायचं?" वहिनी समोरच भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. हेमंतने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "मला नाही जमणार रे. खलास." वहिनींना अजमानला कमी पगाराची शाळा मिळाली, ते तिकडे लहान घरात गेले, आणि हा हॉटेलांच्या मेनूकार्डांची अ‍ॅप करत हिंडू लागला. माझा राग गेला नाही.

हॉस्पिटलातून परतताना तोच राग उफाळून आला. मी वहिनींना म्हटलं, "त्याने ते आपोआपचं काढलं नसतं तर तो कुठे आहे ते आपल्याला लगेच दिसलं असतं. मी वेड्यासारखा गल्ल्या शोधत फिरलो."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तो करामाला पोचला होता. गाडी लावली होती त्याने. आपोआप असतं तर मला पोचलो आलं असतं. मी तुम्हाला फोन कशाला केला असता? डबे घासत बसले असते."

मी गाडी अजमानच्या रस्त्याला घातली.

गेल्या आठवड्यात वहिनी आणि इरा त्याच्या अस्थी घेऊन पुण्याला गेल्या. मी त्यांना विमानतळावर सोडलं. सामान उतरवताना म्हटलं, पोचल्यावर कळवा. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बसलो होतो, टेबलावरचा फोन उजळला. वहिनींनी त्याच्या फोनवरून बटण दाबलं होतं.

स्क्रीनवर नाव हेमंतचं. खाली, पोचलो.