शुभदाने मागे घेतलेला ढग

फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो, नाकारलेला माल बाजूला काढत. मेहुणे एवढंच म्हणाले, "दादा, शुभदा गेली…" माझी धाकटी बहीण. दुखणं ठाऊक होतं, तरी हातातला माल तसाच टाकून निघालो.

शुभदा खगोल संशोधक. रविवारी ताथवड्याला तिच्याकडे चहाला गेलं की ती आपल्या आकाशगंगेसारख्या दूरदूरच्या दीर्घिकांबद्दल भरभरून बोलायची. काही दीर्घिकांचं केंद्र धुळीच्या आणि वायूच्या दाट पडद्याआड दडलेलं असतं. तिथून येणारे क्ष-किरण मध्येच कमी-जास्त का होतात, हे ती शोधायची. "दादा, समोरून वायूचा ढग गेला तर सौम्य किरण अडतात, जोरकस आरपार येतात. दोन्ही सारखेच घटले तर समज, ढग नाही, केंद्रच मंदावलंय." असा एक ढग तिने पकडला, तेव्हा मी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. शोध जणू मीच लावला होता, असा मिरवलो!

शोकसभा सांगवीला झाली. मला बोलायला उभं केलं आणि मी तोच ढग सांगितला… चांगला रंगवून. लोक डोळे पुसत होते, मला आणखीच चेव आला. खाली बसल्यावर तिची सहकारी नंदिनी जवळ आली.

"दादा, तो ढग नव्हताच. उपकरणाची स्वतःची खरखर मोजमापातून नीट वजा झाली नव्हती. ती वजा केल्यावर दिसलं, जोरकस किरणही तेवढेच घटले होते. कुणी बोट दाखवलं नव्हतं, तिनेच चूक शोधली आणि जाहीरपणे निष्कर्ष मागे घेतला. आम्हाला तिचा सगळ्यात जास्त अभिमान त्याचा वाटतो."

"मला कधी बोलली नाही…"

"म्हणायची, दादाने पेढे वाटलेत, आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या मालातले दोष काढले मी, आणि सख्ख्या बहिणीला आपली एक चूक मला सांगायची चोरी झाली. तिने निस्तरलेली चूक मी तिच्याच शोकसभेत पुन्हा तिच्या माथी मारली. सभेला आलेल्यांनी माझं बोलणं विसरावं, नंदिनीचं लक्षात ठेवावं, म्हणून हे लिहितोय. लाज वाटते.

त्या ढगाचा आलेख मी चौकट करून दिवाणखान्यात लावला होता. भाऊबीजेला त्याच भिंतीला पाठ करून पाटावर बसायचो. शुभदा ओवाळायची, पण ताम्हनावरची नजर काही वर उचलायची नाही. मला वाटायचं, निरांजन विझू नये म्हणून जपतेय.