गुरुवारचा चहा आणि कागदी कप

माझं शिक्षण चौथीपर्यंत. टेक्सासला मुलाकडे आल्यावर लायब्ररीत जायला लागले ते वाचायला नव्हे. घरात दिवसभर एकटी बसून डोकं फिरायला लागलं होतं. दर गुरुवारी दुपारी तिथल्या एका टेबलाशी बायका विणकाम करतात. माझी मैत्रीण तिथेच भेटली. काळी, माझ्याच वयाची, निवृत्त नर्स. माझं इंग्रजी मोडकं, पण तिला ऐकायची घाई नसे. तीन वर्षं आम्ही शेजारी बसलो. चहा माझा, घरून थर्मासमध्ये नेलेला. दुसरी मैत्रीण मला या देशात नाही.

उन्हाळ्यात लायब्ररीने कार्यक्रम ठरवला. या गावात पूर्वी काळ्या लोकांना कसं वागवलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. ती बोलणार होती. आठवडाभर आधी, पुस्तकं परत टाकायच्या पेटीत चिठ्ठी सापडली. कार्यक्रम बंद करा, नाहीतर आम्ही येऊ. खाली नाव नव्हतं.

मुलगा म्हणाला, “आई, या वेळी मी तुला ड्रॉप करणार नाही. इथे कोणाच्या गाडीत काय असेल सांगता येत नाही.”

मी म्हटलं, मग चालत जाते. त्या उन्हात मी खरंच निघेन हे त्याला ठाऊक होतं. शेवटी त्यानेच सोडलं.

पार्किंगमध्ये एक पांढरा ट्रक उभा होता. इंजिन चालू, काचा वर. आत माणूस बसलेला, उतरत नव्हता. दाराशी पोलिसाने माझी पिशवी उपसली. थर्मास, माझा स्टीलचा पेला, तिच्यासाठी कागदी कप, सगळं टेबलावर ओळीने मांडलं आणि परत भरायला सांगितलं.

मी मागे बसले, काचेतून ट्रक दिसेल अशी. ती बोलत होती, माझं अर्धं लक्ष बाहेर. तिची आई एका गोऱ्या घरी कामाला होती. मागच्या दाराशी खिळ्याला एक पत्र्याचा कप टांगलेला असे. आईने पाणी त्यातूनच प्यायचं. तो आतल्या भांड्यांना लागू द्यायचा नाही. घरची बाई वाईट नव्हती, ती म्हणाली. गोड बोलायची, जुने कपडे द्यायची.

तेव्हा मी ट्रककडे बघायचं सोडलं.

भारतात आमच्या घरी मागच्या दाराबाहेर कोनाड्यात एक कानतुटका कप असे. झाडायला येणाऱ्या बाईचा. तिची जात वेगळी. ती कप खाली ठेवायची आणि मी, घरची सून, वरून चहा ओतायचे. किटली कपाला लागता कामा नये. मीही गोडच बोलायचे.

नागपूरच्या एक काकू कधी कधी आमच्या टेबलाशी येतात. त्या येणार असल्या की मी दुसरा स्टीलचा पेला घेते. या मैत्रिणीसाठी तीन वर्षं कागदी. मला कोणी सांगितलं नव्हतं. पिशवी भरताना मी कधी विचारही केला नाही.

कार्यक्रम संपला. ट्रक निघून गेला होता. काही झालं नाही म्हणून लोक मोठ्याने बोलायला लागले. मी तिच्याकडे गेले आणि माझ्या पेल्यात चहा ओतून तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही. “आज नको,” ती म्हणाली. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नर्स होते मी. लोक मला काय कशात देतात, ते बघत आले आहे.”

“मग तीन वर्षं प्यायलीस कशाला?”

“चहा चांगला होता.”

हसली नाही. पर्स उचलून गेली.

पुढच्या गुरुवारी मी दोन स्टीलचे पेले घेऊन गेले. ती येईल असं वाटत नव्हतं. ती आली, नेहमीच्या खुर्चीवर बसली. पेल्यांकडे पाहिलं. नंतर पिशवीतून स्वतःचा मग काढून टेबलावर ठेवला.

“आता मी माझा आणत जाईन,” ती म्हणाली.

मी थर्मास उघडला आणि ओतायला लागले. तिचा मग काठोकाठ होत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, थर्मास मी वीतभर वर धरला होता.

ती चहाकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.