पाठमोरी नोरीन

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुड गावात, आमच्या गल्लीत, नोरीन विग्नलला कुणी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. नवरा सिरिल मासेमारीच्या बोटीवर असायचा, आठवडेच्या आठवडे उत्तरेच्या बर्फाळ पाण्यात, तेव्हाही नाही. बोट निघायच्या दिवशी इथल्या बायका बंदरावर जात नाहीत, निरोपाचा हात हलवत नाहीत, आणि त्या दिवशी घरात कपडे धूत नाहीत. धुतले तर माणूस पाण्याबरोबर जातो, म्हणतात. नोरीनने हे सगळं जन्मभर पाळलं आणि सिरिल दर वेळी परत आला.

म्हातारपणी सिरिल मुलांची नावं विसरला, पण भरतीची वेळ विसरला नाही. पाणी चढायला लागलं की तो उठायचा आणि बोट सुटतेय म्हणून दाराकडे निघायचा. नोरीन दारात खुर्ची टाकून बसायची. तो तिला ढकलायचा. हातात अजून जाळी ओढायचा जोर होता. तिच्या दंडावरचे डाग निळ्याचे पिवळे व्हायच्या आत नवे उठायचे, आणि ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा स्वेटर घालायची.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकट्या बहिणीने, मेव्हिसने, तिला पुरतं घाबरवून ठेवलं होतं. मेव्हिसच्या नवऱ्याचं असंच झालं होतं. आता झेपत नाही, असं ती एकदा सरकारी बाईपाशी बोलून गेली, आणि पुढच्याच महिन्यात तो दुसऱ्या गावच्या वृद्धाश्रमात होता. नाताळ त्याने पाहिला नाही.

"एक शब्द बोललीस की गेला बघ तुझा," मेव्हिस म्हणायची. "मी बोलून बसले ना."

एका सकाळी सिरिल तापाने फणफणला आणि जिन्याशी कोसळला. ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर बाहेर निघालं तेव्हा नोरीन स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली आणि किटली भरत राहिली. बरोबर येताय ना, असं गाडीवरच्या माणसाने विचारलं. ती वळली नाही. आज नाही, एवढंच म्हणाली. सिंकखाली सिरिलच्या घाण झालेल्या चादरींचा ढीग होता. तोही तिने त्या दिवशी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली तर नर्सेसचा आवाज थंड. सिरिलबद्दलचं सगळं तिला वगळून एकमेकींत बोलणं. शुक्रवारी बैठक आहे, त्याच्यासाठी जागा बघावी लागेल, असं तिला जाता जाता सांगितलं गेलं. कसली जागा ते विचारायची तिला छाती झाली नाही. 

त्या वॉर्डात जिल नावाची एक बाई यायची. घरच्या आजाऱ्याचं करणारी माणसं हुडकायची आणि त्यांना मदत मिळवून द्यायची, हे तिचं काम. भेटीच्या वेळी ती खाटांमधून फिरायची आणि रोग्यापेक्षा शेजारच्या खुर्चीकडे जास्त बघायची. सिरिलला चहा पाजताना नोरीन हनुवटीला दोन बोटं लावते आणि घोट उतरेपर्यंत थांबते, हे तिने पाहिलं आणि ती जवळ येऊन बसली.

"घरी तुम्ही स्वतः जेवता कधी?"

"मी त्याची बायको आहे," नोरीन म्हणाली. "माझं काही नाही."

जिलने आडवळण न घेता वॉर्डातलं बोलणं तिला सांगून टाकलं. बायको गाडीपर्यंतसुद्धा आली नाही, घरात घाणेरडे कपडे पडले होते, असं ॲम्ब्युलन्सवाल्यांनी वॉर्डात कळवलं होतं. या माणसाचं घरी कुणी बघत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

 हळू आवाजात नोरीनने बंदराचं, हात न हलवण्याचं, कपड्यांचं सगळं सांगितलं.

"मी प्रेस्टनची," जिल म्हणाली. "आमच्याकडे समुद्रच नाही. इथे सांगितलंत का कुणाला हे?"

"असं कुणी सांगतं होय? वेडी म्हणतील मला."

जिल हसली नाही. तिची नजर स्वेटरच्या बाहीवर गेली होती. नोरीनने बाही आणखी खाली ओढली.

"तो मारत नाही मला. त्याला बोट गाठायची असते, आणि मी दारात असते."

जिलने उगीच धीर दिला नाही. हे मी लपवणार नाही, आणि तो घरी येईलच असं वचनही देणार नाही, असं ती म्हणाली. पण न सांगता त्याला घरी नेलंत तर एक दिवस दोघं जिन्याखाली पडलेली असाल आणि कुणाला पत्ता नसेल.

शुक्रवारच्या बैठकीत नोरीनने बाही वर केली.  तिला वाटलं, आपणच त्याला लोटून दिलं.

पण सिरिलला घरी पाठवलं, काही दिवस बघू म्हणून. दार उघडलं की वाजेल अशी घंटा बसवली. सकाळी त्याला आंघोळ घालायला दोघीजणी यायच्या, आणि मंगळवारी त्याच्यापाशी बसायला एक गृहस्थ. जिल दर मंगळवारी फोन करणार होती. नाहीच जमलं तर दुसरा विचार करावा लागेल, असं डॉक्टर शेवटी म्हणाले होते. घरी येताना गाडीत नोरीनच्या कानात तेवढंच एक वाक्य घुमत होतं.

पहिल्या मंगळवारी फोन वाजला तेव्हा मेव्हिस समोर बसली होती. सगळं ठीक म्हण, असं ती हातानेच खुणावत होती. नोरीनच्या जिभेवरही तेच होतं. या गावात दुसरं उत्तर कुणी देत नाही.

"आज सकाळी मी त्याला भ्याले," ती म्हणाली. "न्हाणीघरात कडी लावून बसले."

मेव्हिसने डोळे मिटून घेतले. 

"आता कुठे आहेत ते?" जिलने विचारलं.

"खुर्चीत. टोस्ट खातोय. ते गृहस्थ आहेत जवळ."

"बरं. मी दुपारी येते."

"त्याला न्यायला?"

"नाही. तुम्हाला बघायला."

नोरीनने फोन ठेवला. काय म्हणाली, काय म्हणाली, म्हणून मेव्हिस विचारत राहिली. "मला बघायला येतेय," नोरीन म्हणाली. बाही कोपरापर्यंत सरकली होती, आणि ती खाली ओढायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.