निळे ठिपके

एलियास सरांच्या तोंडाचा पट्टा सकाळी आठला सुरू व्हायचा. "माधुरी, स्टेन गाळलास का? न गाळलेल्या रंगाचे कण पेशींवर बसतात आणि भलतंच दिसतं!" पनवेलच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. माणूस खडूस, पण शिकवायला लागला की तहानभूक विसरायचा. "हाडांच्या मज्जेत थोड्याशाच मूळ पेशी असतात," ते सांगत. "त्या स्वतःसारख्या पेशी तयार करतात, आणि त्यांच्यापासूनच तांबड्या, पांढऱ्या, रक्त गोठवणाऱ्या, सगळ्या घडतात. तांबड्या कमी पडल्या की मूत्रपिंड मज्जेला निरोप धाडतं, वाढवा म्हणून."

१९९४ साली त्यांच्या बायकोच्या, जेरुशाबाईंच्या, मूळ पेशीच संपत आल्या. निरोप जात होता, ऐकायला कोणी उरलं नव्हतं. अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. मुंबईच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, पण खरी भिस्त भावाच्या मज्जेवर. भाऊ जुडाह इस्राएलला स्थायिक झालेला. त्याची मज्जा जुळली, तिकीटही निघालं.

सर रोज बायकोचं रक्त काढून कोवळ्या तांबड्या पेशी शोधत. मज्जेतून नुकत्याच आलेल्या या पेशींना रंग दिला की आत निळी जाळी दिसते. त्या वाढल्या तर मज्जा जागी झाली म्हणायची. तीन आठवडे काही नाही. एका सोमवारी ते ओरडलेच, "माधुरी, ये, बघ! दिसतात ना?"

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. रंगाचे कण होते ते. पेशींच्या बाहेरही तसेच निळे ठिपके सांडलेले. जन्मभर दुसऱ्यांवर डाफरणारा माणूस त्या दिवशी स्वतःच स्टेन गाळायला विसरला होता. मी मान वर केली तर सरांचे डोळे भरून आलेले. मी म्हटलं, "हो सर."

त्यांनी तिथूनच जुडाहला फोन लावला. "घाई करू नकोस रे, तिची मज्जा उठतेय." डॉक्टरांनीही सरांच्या आकड्यावर विश्वास ठेवून महिनाभर थांबायचं ठरवलं. "आता रोज सुई नको तिला," म्हणून सरांनी मोजणंही बंद केलं.

गुरुवारी पनवेलच्याच इस्राएल तलावाजवळच्या त्यांच्या घरी मलिदा झाला. एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताचे आभार मानायला गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे. जेरुशाबाईंनी माझ्या हातावर स्वतः वाढले. "हे घरी तुझं फार कौतुक करतात हो," म्हणाल्या. आणि मी ते खाल्ले. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. भित्री मेली!

त्या सोमवारपासून अकराव्या दिवशी जेरुशाबाईंना ताप भरला. झुंजायला पांढऱ्या पेशीच नव्हत्या. दोन दिवसांत बाई गेल्या.

सात दिवसांचा शोक संपवून सर लॅबमध्ये आले. आधी ती स्लाइड काढून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मीच आंधळा झालो. तू मनाला लावून घेऊ नकोस, तुला कसं कळणार होतं?"

मला कळलं होतं. वर्षभराने ते जुडाहकडे कायमचे गेले, तोवर रोज आम्ही एकाच टेबलावर बसत होतो, आणि मी त्यांना ते सांगितलं नाही.